वेल्डिंगची तोंडओळख : शब्द आणि खबरदारी

दोन धातूंचे तुकडे सांध्यापाशी वितळवायचे आणि थंड होताना ते एकजीव होतील अशा रीतीने जोडायचे, या कामाला वेल्डिंग म्हणतात. नटबोल्टने किंवा रिव्हेटने आवळलेले तुकडे जोडल्यानंतरही वेगळेच राहतात. डाग देताना कथलासारखा, कमी उष्णतेवर वितळणारा धातू मध्ये शिरतो आणि मूळ तुकडे घनच राहतात. वेल्डिंगमध्ये मात्र मूळ धातूच वितळतो. साधे पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत ३१०० अंशांपर्यंत पोहोचते, तर विजेच्या आर्कचे तापमान ६००० अंशांच्या आसपास असते. एवढी उष्णता चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, तीही बहुतेक वेळा हातानेच चालवायची असते. या कामातल्या बहुतेक अडचणी आणि धोके तिथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फिटरला जोडारी, टर्नरला कातारी आणि वेल्डरला संधाता म्हणतात. प्रवेशाच्या यादीबाहेर संधाता हा शब्द क्वचितच ऐकू येतो. ग्रिलच्या दुकानात, ट्रॉली बनवणाऱ्या गावच्या वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या कारखान्यात चालतात ते इंग्रजीतून आलेले आणि वापरून गुळगुळीत झालेले शब्द. या पुस्तकात तेच वापरले आहेत. भारतीय मानकांमध्ये वेल्डिंगच्या संज्ञांसाठी आयएस ८१२ आणि सुरक्षिततेसाठी आयएस ८१८ अशी दोन स्वतंत्र मानके आहेत. नवशिक्याने मात्र हे दोन विषय वेगळे शिकू नयेत. ठिणगी दिसते म्हणून तिला सगळेच जपतात. डोळा जाळणारा किरण, फुप्फुसात जाणारा धूर, खड्ड्यात साचलेला गॅस, ओल्या हातमोज्यातून वाहणारा प्रवाह यांपैकी काहीच धड दिसत नाही आणि पुष्कळदा त्रास सुरू होतो तो काम संपून काही तास उलटल्यावर. अशा गोष्टी नावानिशी माहीत असल्या तरच वेळेवर आठवतात.

विजेच्या आर्कने धातू जोडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. रशियन साम्राज्यात बेनार्डोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने आर्क पेटवून धातू जोडला. १८८८ मध्ये स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी वितळणारी धातूचीच कांडी वापरली. उघड्या कांडीचा जोड हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनमुळे ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर लेप चढवला आणि आजचा वेल्डिंग रॉड तयार झाला. रस्त्याकडेच्या दुकानात आजही मुख्यतः हीच पद्धत चालते. पुस्तकात तिला मॅन्युअल मेटल आर्क म्हणतात, दुकानात नुसते आर्क वेल्डिंग. रिळावरची तार आपोआप पुढे सरकते आणि भोवती गॅसचे आवरण असते ते मिग. साध्या पोलादासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणून कारखान्यात त्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात. टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकावर आर्क धरून फिलर तार वेगळी भरायची ते टिग, ज्याचे दुकानातले नाव आर्गॉन. वाहनांच्या पत्र्यासाठी स्पॉट, आणि ज्योतीवर चालणारे ते गॅस वेल्डिंग. नवशिक्याने सुरुवात आर्कपासून करावी. हात बसायला वेळ लागतो, पण पद्धती बदलल्या तरी त्यातले शब्द उपयोगी पडतात.

आर्क वेल्डिंगचे विद्युत मंडल साधे आहे. मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एकीच्या टोकाला रॉड धरणारा होल्डर असतो आणि दुसरीच्या टोकाला कामाच्या तुकड्याला, म्हणजे जॉबला, लावायचा क्लॅम्प. रॉडचे टोक जॉबला घासून किंचित उचलले की मधल्या फटीतून आर्क पेटतो आणि मंडल पूर्ण होते. मशीन ट्रान्सफॉर्मर असेल तर प्रवाह एसी, रेक्टिफायर असेल तर डीसी. हातात उचलून नेता येणाऱ्या इन्व्हर्टरमधून सहसा डीसीच मिळतो. डीसीमध्ये रॉड धन टोकाला जोडायचा की ऋण, याला पोलॅरिटी म्हणतात आणि ती रॉडच्या पाकिटावर छापलेली असते. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन ठरावीक करंट सलग देऊ शकते, ते म्हणजे ड्युटी सायकल. २०० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल तर सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. स्वस्त मशीन घेताना हा आकडा बघितला जात नाही आणि मग मशीन जळते.

आर्क चालू असताना व्होल्टेज २० ते ३० च्या घरात असते. आर्क नसताना, पण मशीन चालू असताना, होल्डर आणि जॉब यांच्यामध्ये ५० ते ८० व्होल्ट, काही मशीनमध्ये त्याहूनही जास्त असतात. हे ओपन सर्किट व्होल्टेज. घरातल्या २३० व्होल्टच्या मानाने ते किरकोळ वाटते आणि फसगत होते ती इथेच. कोरड्या कातडीतून एवढ्या दाबाने फारसा प्रवाह जात नाही. पण घामाने किंवा पावसाने भिजलेली कातडी, ओले हातमोजे, लोखंडी टाकीत मांडी घालून बसलेला माणूस अशी स्थिती असेल तर ८० व्होल्टही जीव घेऊ शकतात. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर वेल्डिंग करू नये, याचे कारण जोड बिघडतो एवढेच नाही. रॉड बदलताना हातमोजे कोरडे हवेत, पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट हवी, केबल खांद्यावर किंवा कमरेभोवती गुंडाळलेली नको. तापलेला होल्डर पाण्याच्या बादलीत बुडवून गार करण्याची सवय अनेक दुकानांत दिसते. तिला माफी नाही.

अर्थ या शब्दाचा घोळ इथेच सोडवलेला बरा. दुकानात जॉबच्या क्लॅम्पला सरसकट अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. प्रत्यक्षात ती रिटर्न केबल असते. होल्डरमधून गेलेले शंभर-दीडशे अँपिअर तिच्यातूनच मशीनकडे परत येतात. खरे अर्थिंग वेगळे. मशीनच्या लोखंडी खोक्यात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून खोक्यापासून अर्थ पॉइंटपर्यंत नेलेली ती तार असते. क्लॅम्प लावला म्हणजे अर्थिंग झाले असे समजून ही तार जोडलीच जात नाही. याउलट, क्लॅम्प जॉबपासून दूर, इमारतीच्या सळईला किंवा रुळाला अडकवला तर परतीचा प्रवाह वाट मिळेल तिथून धावतो. क्रेनचा वायररोप, मोटारीचे बेअरिंग, शेजारच्या यंत्राची अर्थ तार अशा ठिकाणी तो वस्तू जाळतो. म्हणून क्लॅम्प जोडाच्या जितका जवळ आणि जितक्या स्वच्छ धातूवर, तितका चांगला.

रॉडच्या आत पोलादाची तार आणि बाहेर फ्लक्सचा लेप असतो. लेप जळून गॅसचे आवरण तयार होते, ते वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. उरलेला लेप काचेसारखा थर होऊन जोडावर बसतो, त्याला स्लॅग म्हणतात. रॉडची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, पण जुन्या गेजच्या हिशेबाने बारा नंबर, दहा नंबर, आठ नंबर ही नावे अजून चालतात. त्यांचा अर्थ साधारण २.५, ३.१५ आणि ४ मिलिमीटर. दहा नंबरच्या साध्या रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. आर्कची लांबी आतल्या तारेच्या जाडीइतकी ठेवावी. ई ६०१३ या सर्वपरिचित खुणेतला ६० म्हणजे भरलेल्या धातूची किमान ताणशक्ती, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. नंतरचा १ म्हणजे रॉड सर्व पोझिशनमध्ये चालतो, आणि शेवटच्या अंकावरून लेपाचा प्रकार कळतो. महत्त्वाच्या बांधकामात वापरला जाणारा ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड आहे. तो ओला झाला तर ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि वरून देखणा दिसणारा जोड काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून तडकतो. म्हणून हे रॉड भट्टीत सुमारे ३०० ते ३५० अंशांवर तापवून कोरडे करतात आणि गरम डब्यातून कामावर नेतात.

जोडाची भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. दोन पत्रे कडेला कड लावून ठेवले तर बट जॉइंट, एकावर एक चढवले तर लॅप, काटकोनात उभे केले तर टी, कोपऱ्यात मिळवले तर कॉर्नर. टी आणि लॅपच्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी जोड म्हणजे फिलेट. जाड प्लेटची कड तिरकी कापतात त्याला बेव्हल म्हणतात, आणि त्या खाचेत भरलेला जोड ग्रूव्ह वेल्ड. तळाशी सोडलेली फट रूट गॅप, जोडाचा तळ रूट, वरचा पृष्ठभाग फेस आणि फेस जिथे मूळ धातूला मिळतो ती कड टो. फिलेटची बाजू ती लेग, आणि रूटपासून फेसपर्यंतचे सर्वांत कमी अंतर तो थ्रोट. समान बाजूंच्या फिलेटमध्ये थ्रोट लेगच्या ०.७ पट असतो आणि ताकद थ्रोटवर ठरते. वरून फुगवलेला फिलेट भक्कम दिसतो, पण त्या फुगवट्याने ताकद वाढत नाही. तुकडे जागेवर धरायला मारलेले छोटे ठिपके म्हणजे टॅक किंवा टाके, आणि एका दमात भरलेली ओळ म्हणजे रन. जॉब जमिनीला समांतर ठेवून वरून भरणे सर्वांत सोपे, डोक्यावर भरणे सर्वांत अवघड. ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप न फिरवता भरायचा ती ६-जी पोझिशन, आणि पाइपलाइनच्या नोकरीसाठी बहुधा तीच परीक्षा घेतली जाते.

दोषांची नावेही इथेच घ्यावीत. टोजवळ मूळ धातूत पडलेली चर म्हणजे अंडरकट, जोडातली गॅसची छिद्रे पोरॉसिटी, आत अडकलेला मळ स्लॅग इन्क्लूजन, आणि भरलेला धातू मूळ धातूशी एकजीव न होता नुसता टेकून राहिला तर लॅक ऑफ फ्यूजन. यात शेवटचा सर्वांत फसवा, कारण तो बाहेरून दिसत नाही. क्रॅक मात्र किती लहान हे न बघता काढूनच टाकायचा असतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याशी उभे असलेले शेनेक्टडी हे नवे टँकर जहाज मध्यावर जवळजवळ दुभंगले. थंडीत ठिसूळ झालेले पोलाद आणि सदोष जोड एकत्र आले की तडा किती लांब धावतो, हे त्यातून अभियंत्यांना कळले. रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या कडेला अडतो. वेल्डिंगने एकसंध केलेल्या जहाजात त्याला अडवणारी कड नसते.

आता प्रकाशाविषयी. आर्कमधून डोळे दिपवणारा उजेड तर येतोच, शिवाय न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही येतात. अतिनील किरण डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा बाहेरचा थर भाजतात. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. याला आर्क आय म्हणतात. बहुतेक वेळा एकदोन दिवसांत डोळे बरे होतात. बटाट्याचे काप ठेवल्याने गारवा मिळतो, इलाज होत नाही. दूध किंवा तत्सम काही डोळ्यांत घालू नये, त्याने संसर्ग होऊ शकतो. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार टाकणे त्याहून वाईट, कारण पटल भरून यायचे थांबते आणि दुखणे मात्र कळत नाही. वेदना किंवा अंधुकपणा टिकला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

काचेच्या गडदपणाला शेड नंबर असतो. हाताच्या आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १२, गॅसच्या कामाला ४ ते ६. साधा काळा गॉगल आर्कसाठी निरुपयोगी आहे. उजेड थोडा कमी झाल्याने माणूस जास्त वेळ बघत राहतो आणि चेहरा उघडाच असतो. डोळे भाजण्याचे प्रसंग बरेचदा लांब रन भरताना येत नाहीत, टॅक मारताना येतात. एका हातात गडद काचेची स्क्रीन, दुसऱ्या हातात होल्डर, मग तुकडा धरायचा कोणी? म्हणून एवढा एकच टाका असे म्हणत स्क्रीन बाजूला ठेवली जाते. डोक्यावर बसणारे हेल्मेट, त्यातही आपोआप गडद होणारे, हा प्रश्न सोडवते. दुसरा बळी हेल्परचा. तो तुकडा धरून अगदी जवळ बसलेला असतो आणि त्याच्याजवळ काहीच नसते. रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी आडपडदा लागतो, तसेच हेल्परसाठी दुसरे हेल्मेट लागते. स्लॅग चिपिंग हॅमरने फोडताना गरम कपच्या उडतात. तेव्हा गडद काच वर केलेली असते, त्यामुळे आत पांढरा चष्मा हवाच. तेच किरण कातडीही भाजतात, म्हणून गळ्याचे बटण लावलेले असावे. कपडे जाड सुती असावेत. टेरिकॉट किंवा नायलॉन वितळून अंगाला चिकटते. चामड्याचे लांब हातमोजे, ॲप्रन आणि बंद बूट वापरावेत, पँटची घडी दुमडलेली नसावी, कारण ठिणगी नेमकी तिथे साठते.

वेल्डिंगचा धूर म्हणजे वाफ झालेल्या धातूचे आणि फ्लक्सचे अतिशय बारीक कण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. स्टेनलेस स्टीलच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते, ते विशेष घातक. ग्रिल आणि शेडच्या कामात नेहमीचा प्रसंग येतो तो जीआय पाइपचा. त्याच्यावरचे जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो ओढल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडात धातूची चव येते. हा मेटल फ्यूम फीव्हर. दिवसा-दोन दिवसांत उतरतो म्हणून त्याला साधा फ्लू समजतात. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने धूर बाधत नाही, हा समज निराधार आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी काढून टाकावे, डोके धुराच्या झोताबाहेर ठेवावे, धूर बाजूला ओढणारी व्यवस्था करावी. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला जॉब पूर्ण सुकण्याआधी आर्क लावला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. टाकीत किंवा खड्ड्यात काम असेल तर धोका आणखी वेगळा. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतात, तळाशी साचतात आणि प्राणवायू बाजूला सारतात. आर्गॉनला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस सरळ कोसळतो, आणि त्याला काढायला धावत आत उतरलेला दुसराही. म्हणून आत हवा खेळती ठेवणे, प्राणवायू मोजणे आणि बाहेर एक माणूस उभा करणे या तिन्ही गोष्टी लागतात.

गॅस वेल्डिंग आणि कटिंगमध्ये दोन सिलिंडर असतात. भारतात औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि ॲसिटिलीनचा, म्हणजे डीएचा, मरून रंगाचा. दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण भरलेल्या सिलिंडरमध्ये तो सुमारे १५० बार दाबाखाली असतो आणि त्याच्याशी संपर्क आला तर तेल किंवा ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेते. म्हणून व्हॉल्व्हला तेल लावू नये, तेलकट हाताने रेग्युलेटर बसवू नये, आणि ऑक्सिजनने कपड्यांवरची धूळ उडवणे ही जीवघेणी चेष्टा आहे. ॲसिटिलीन मोकळा दाबला तर साधारण एक बारच्या पुढे आपोआप फुटू शकतो. सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन मुरवलेले असते आणि गॅस त्यात विरघळलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर ॲसिटोन नळीत येते, म्हणून तो उभा आणि साखळीने बांधलेला असावा. तांब्याच्या नळीचा तुकडा ॲसिटिलीनच्या लाइनमध्ये कधीही जोडू नये, कारण त्यातून स्फोटक संयुग बनते. इंधनवायूच्या नटांचे आटे डावे असतात आणि त्यांवर खाचा असतात, ऑक्सिजनचे उजवे. ज्योत उलटी नळीतून मागे धावली तर तो फ्लॅशबॅक. तो अडवणारा अरेस्टर स्वस्त असूनही अनेक टॉर्चवर नसतो. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून नव्हे. कटिंगसाठी ॲसिटिलीनऐवजी एलपीजी वापरतात तेव्हा हेही लक्षात ठेवावे की एलपीजी हवेपेक्षा जड आहे आणि तो गटारात, खड्ड्यात उतरतो.

आग बहुधा कामाच्या जागी लागत नाही. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात, फटीतून खालच्या मजल्यावर पडतात आणि भुशात किंवा फोममध्ये तासभर धुमसत राहतात. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडी या प्रचंड प्रवासी जहाजात लोखंडी खांब गॅसने कापताना ठिणग्या जवळच रचलेल्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडल्या. जहाज पेटले, आग विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भाराने ते कलले आणि रात्रीतून आडवे झाले. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडताना हाच गॅस कटर चालतो, आणि तिथे टाकीत राहिलेले तेल हा आणखी एक धोका असतो. रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा घातक, कारण त्यात इंधनाची वाफ आणि हवा एकत्र असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३७ व्या कलमानेही ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग करायला मनाई केली. डिझेलची टाकी पाण्याने खळबळून जोडू, ही हायवेवरची रीत नवशिक्याने उचलू नये.

पोलाद अंधारात लाल दिसू लागते ते ५०० अंशांच्या पुढे, त्याखाली ते गार तुकड्यासारखेच काळे दिसते. म्हणून नुकत्याच जोडलेल्या जॉबवर खडूने ‘गरम’ असे लिहून ठेवतात. काम थांबवताना होल्डरमधला रॉड काढून मशीन बंद करावे, होल्डर जॉबवर टाकून जाऊ नये. रॉडची जळकी थोटके डब्यात टाकावीत, कारण पायाखाली ती गोल फिरतात. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून नळ्यांतला दाब सोडून द्यावा आणि रेग्युलेटरचे स्क्रू सैल करावेत. जवळ पाण्याची किंवा वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवून एका माणसाने जागेवर निदान अर्धा तास, लाकूड किंवा फोम आसपास असेल तर तासभर, थांबावे आणि जाण्यापूर्वी खालचा मजला आणि भिंतीची मागची बाजूही बघून यावी.